ड्रायव्हरची झोप

"अरे हळू! तो भोंगा बंद कर आधी."

मी खिडकीतूनच दबक्या आवाजात ओरडले. दबक्या आवाजात ओरडणं ही आमच्या कॉलनीतल्या बायकांची खास कला. भंगारवाल्यानं हातगाडी थांबवली आणि भोंगा काखेत दाबला.

"काय झालं बाई? कुणी आजारी आहे?"

"ड्रायव्हर झोपलाय."

"कुठला ड्रायव्हर?"

"माझा."

तो नवा होता, म्हणून त्याला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना माहीत होतं. आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये रात्रपाळी करून आलेला माणूस झोपला, की बायको कडीला लाल फडकं बांधायची. फेरीवाले, पोस्टमन, वर्गणी मागणारे, सगळे त्या फडक्यापुढे गाडीसारखे जागच्या जागी थांबायचे. शेजारच्या झोपेवहिनींकडचं फडकं म्हणजे त्यांच्या लग्नातल्या शालूचा तुकडा होता. आडनावावर जाऊ नका, त्या घरातही झोपेचे वांधेच होते.

फडकं बांधलं की घर मुकं व्हायचं. मी कुकर लावत नसे, शिट्टीच्या धाकानं भात पातेल्यात व्हायचा. साड्यांना फॉल लावायची कामं घेत होते, पण मशीन बंद. सगळे फॉल हातशिलाईचे. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, शकूताईंचं काम किती नाजूक! त्यामागे नवऱ्याची झोप होती, हे त्यांना कुठून कळणार.

आमचे हे, वामन भंगाळे, पॅसेंजरवर ड्रायव्हर होते. रात्रभर गाडी हाकून सकाळी घरी येत, अंघोळ करत, देवापुढे निरांजन लावत आणि मग स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून स्टीलच्या पेल्यात रम ओतून घेत. त्यात पाणी. मिटक्या नाहीत, चकणा नाही, गाणी नाहीत. नाक धरून एरंडेल घ्यावं तसं घेत आणि पेला स्वतः विसळून पालथा घालत. एरवी लग्नात, हळदीत, कुणी कितीही आग्रह केला तरी थेंबाला शिवत नसत. "आपलं औषध आहे ते," म्हणायचे. "झोपेचं."

आणि हिशेबात पक्के. संध्याकाळी ड्युटीवर चढण्याआधी लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या हजेरीच्या खोलीत, मशीनच्या नळीत फुंकावं लागे. पोटात दारू असली की मशीन शिट्टी मारी. यांच्या फुंकरीला कधी शिट्टी झाली नाही. सकाळचं औषध संध्याकाळपर्यंत अंगातून साफ गेलेलं असे. मशीनवर शून्य यायचं, हे 'पूर्ण विश्रांती घेतली आहे' असं लिहिलेल्या जागी सही करायचे, आणि गाडी निघायची.

विश्रांतीचं मात्र मला माहीत होतं, कारण ती मी रोज उशाशी बसून बघत होते.

पेला पालथा पडला की ते अंथरुणावर दगडासारखे कोसळत. घोरण्यानं भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. लग्नानंतर बरीच वर्षं मी त्या घोरण्याला गाढ झोप समजत होते. दुपारी ऊन मागच्या दाराशी आलं की घोरणं तुटायचं. मग कूस बदलणं, उशी फेकणं, घाम. तोंड वासून श्वास अडकायचा, इतका की मी हातातली सुई खाली ठेवून बघत राहायची, आणि मग एकदम गाडीला धक्का बसावा तसा श्वास सुटायचा. आणि डोळे मिटलेले असतानाच ते बोलायचे:

"हिरवा."

इंजिनवर दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. समोर सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा आणि दुसऱ्यानं स्वतः बघून तोच परत म्हणायचा, अशी पद्धत आहे. म्हणजे एकाचा डोळा चुकला तर दुसऱ्याचा सावरतो. आमच्या घरात असिस्टंट नव्हता. उत्तर आलं नाही, की यांच्या कपाळावर आठी चढायची, हात चादरीवर काहीतरी शोधायचे, आवाज चढायचा. "हिरवा. हिरवा!" पहिल्यांदा मी घाबरून, काही न सुचून म्हणाले, "हिरवा." आणि आठी विरली. लहान मूल थोपटल्यावर निवतं तसे निवले. तेव्हापासून हे रोजचंच झालं. फॉलला टाके घालत मी दुपारभर हिरवा, हिरवा म्हणत बसायची. उठले की डोळे लालबुंद, आणि मला म्हणायचे, "काय झोप लागली गं आज!"

रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी एकदा विचारलं होतं. शेजारणीचं म्हणून विचारलं. त्या हसल्या, कारण सगळ्या शेजारणीचंच विचारतात. म्हणाल्या, "दारूनं झोप लागते, पण टिकत नाही. आधी माणूस ओंडक्यासारखा पडतो. मग दारू उतरायला लागते तशी झोप फाटते. मन ज्या झोपेत ताजं होतं, नेमकी तीच मिळत नाही. घसा सैल पडतो, घोरणं वाढतं, श्वास अडकतो. तास भरतात, झोप भरत नाही."

मी सातवीपर्यंत शिकलेली. पण टाके उसवणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. घरी येऊन मी बाटली तांदळाच्या डब्यात लपवली.

त्या दिवशी यांनी बाटली शोधली नाही, मला विचारलंही नाही. पडून राहिले आणि दिवसभर पंख्याकडे बघत बसले. एकदाही डोळा लागला नाही. संध्याकाळी बुटाची नाडी दोनदा चुकीची बांधली, आणि तसेच गाडी घेऊन गेले. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी ते दारात दिसल्यावर मी स्वतःच्या हातानं तांदळातून बाटली काढून पाटाशी ठेवली.

झोपेवहिनींचे उपाय चालूच होते. "जायफळ दे उगाळून. तळव्याला तेल चोळ. काय गं माय, दृष्ट तरी काढ एकदा!" जायफळ दिलं. तेल चोळलं. दृष्ट काढली, तर मिरच्यांच्या ठसक्यानं मीच खोकत बसले आणि हे जागे झाले.

तर त्या दिवशी भंगारवाला गेला आणि मी परत सुई उचलली, तेवढ्यात फडक्याला न जुमानता कुणीतरी कडी वाजवली. दार उघडलं तर इंगळे, यांचा असिस्टंट. रात्रीच्या गाडीवर तो यांच्याबरोबर होता. अजून ड्युटीच्याच कपड्यांत. घरी गेलाच नव्हता.

"झोपलेत?" त्यानं विचारलं.

"झोपलेत म्हणायचं."

तो ओट्यावरच बसला. पाणी दिलं तर पेला हातात धरून राहिला.

"वहिनी, मी आलो होतो हे साहेबांना सांगू नका."

"बरं."

"सांगू कसं तेच कळत नाही. साहेबांनी मला शिकवलंय हो. माझ्या लग्नात माझ्या बापाच्या जागी उभे होते."

"इंगळे, काय झालंय ते सांगा."

त्यानं पाण्याकडे बघत सांगितलं. "पहाटे स्टेशनात शिरताना सिग्नल पिवळा होता. पुढे लाल आहे, थांबायच्या तयारीनं या, असा त्याचा अर्थ. मी म्हणालो, पिवळा. साहेब म्हणाले, हिरवा. मला वाटलं, चुकून. परत म्हणालो, साहेब, पिवळा. ते परत म्हणाले, हिरवा. अगदी शांतपणे. हात हँडलवर, पाठ सरळ, डोळे उघडे. वहिनी, डोळे उघडे होते. मी खांद्याला धरून हलवलं तरी..." त्यानं घोट घेतला. "मग मीच ब्रेक मारला. लालच्या अलीकडे थांबलो. साहेब दचकले आणि मला म्हणाले, का थांबवलीस रे?"

माझ्या हातात सुई होती. बोटात कधी शिरली कळलं नाही.

"त्यांना आठवत नाही?"

"काही नाही. मी म्हणालो, म्हैस आडवी आली होती. ते म्हणाले, बरं केलंस." तो रडवेला झाला होता. "मला वर कळवायला पाहिजे. कळवलं तर साहेबांची नोकरी जाईल. नाही कळवलं तर... आज संध्याकाळी परत आम्हीच आहोत, वहिनी. सणाची गर्दी आहे, गाडी दारापर्यंत भरून येते. मशीनवर शून्यच येणार त्यांचं. त्यांना आज आजारी आहे म्हणून सिक घ्यायला सांगा ना. काहीही करा."

आतून आवाज आला.

"हिरवा."

इंगळेनं माझ्याकडे बघितलं. मी इंगळेकडे. रोजच्या सवयीनं माझे ओठ उघडले होते, ते मी मिटून घेतले. आतला आवाज चढला, "हिरवा! हिरवा!" चादर ओढल्याचा आवाज झाला, काहीतरी पडलं. मी उत्तर दिलं नाही. एवढ्या सगळ्या दुपारी मी कशाला होकार देत आले होते ते आता माझ्यासमोर ओट्यावर बसलं होतं.

इंगळे उठून गेला. उरलेलं पाणी तसंच राहिलं.

हे उठले ते चिडचिडतच. "आज झोप नीट झाली नाही. तू बोलत होतीस का कुणाशी?"

"भंगारवाला होता."

चहा दिला. लॉबीतून फोन आला, गाडी वेळेवर आहे, वेळेवर या. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, पेटी उघडून टॉर्च, झेंड्या, डबा नीट लावले. मी प्रत्येक गोष्ट बघत होते. पेटीचं झाकण मिटलं तेव्हा मी म्हणाले, "आज सिक घ्या."

"का?"

"झोप नाही तुम्हाला."

"कमी झाली आज थोडी. चालतं."

"आज नाही हो. कितीतरी वर्षं नाही."

ते हसले. "मग घोरतो कोण? शेजारचा?"

मी इंगळेचं नाव घेतलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "पहाटे म्हैस आडवी आली नव्हती."

पेटीच्या कडीवरचा हात तसाच राहिला. मग खुर्चीवर बसले. मला वाटलं चिडतील, विचारतील कोण म्हणालं. पण ते एवढंच म्हणाले, "पिवळा होता?"

"हो."

"मला हिरवा दिसला, शकू. देवाशपथ दिसला."

"म्हणून सांगतेय. सिक घ्या."

"आणि डॉक्टरला काय सांगू? ताप नाही, खोकला नाही. झोप येत नाही म्हणू? ड्रायव्हरनं? घरी दिवसभर अंथरुणात होतो ना मी? उद्या बरा म्हणून परत पाठवतील. नाहीतर डोक्याच्या डॉक्टरकडे धाडतील. भंगाळेला वेड लागलं म्हणून लॉबीत पोरं हसतील." ते उठले. "आज जपून चालवीन. इंगळे आहे बरोबर. पोरगा हुशार आहे."

"इंगळेही रात्रीपासून जागाच आहे."

"तू जास्त बोलू नकोस आता. उशीर होतोय."

मी स्वयंपाकघरात गेले. तेव्हा मनात काही ठरवलेलं होतं असं म्हणता येणार नाही. पालथा पेला उचलला, बाटली काढली आणि ओतलं. पाणी घातलं नाही. बाहेर येऊन पेटीच्या झाकणावर, त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

ते एकदम मागे सरकले. "हे काय? डोकं फिरलं का तुझं? ड्युटीवर चाललोय मी. मशीन आहे तिथं."

"म्हणूनच."

"काय म्हणूनच?"

"त्या मशीनला वास कळतो. झोप कळत नाही. जे कळतं ते द्या त्याला."

ते माझ्याकडे बघत राहिले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं असेल असं वाटत नाही.

"तुला कळतंय का तू काय सांगतेयस? इंजिनवरून उतरवतील. एवढ्या वर्षांची नोकरी, एक डाग नाही. दारुडा म्हणतील."

"म्हणू द्या."

"तुला म्हणतील, दारुड्याची बायको."

"मला कॉलनीतल्या बायका काहीही म्हणतात. शिलाईचं मशीन चालवत नाही म्हणून कंजूस म्हणतात."

ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नव्हतं. मी हात जोडले. नवऱ्यापुढे हात जोडायची मला सवय नाही. "मी तुम्हाला अडवू शकत नाही हो. औषध दिलं तर झोप फाटते, नाही दिलं तर येतच नाही. मी जायफळ दिलं, दृष्ट काढली, घर मुकं केलं. माझ्याकडे आणखी काही नाही. एवढंच आहे."

त्यांनी पेला उचलून बाजूला टेबलावर ठेवला. पेटी उचलली. बूट घातले. दार उघडलं, कडीवरचं फडकं सोडून नेहमीसारखी घडी घालून मला दिलं आणि बाहेर पडले. त्यांची पावलं ओट्यावरून उतरताना मी ऐकली. मी तिथंच उभी होते. पळत जाऊन पाय धरावेत, लॉबीत जाऊन ओरडावं, रुळावर बसावं, सगळं मनात येऊन गेलं.

पावलं परत आली.

ते दारात उभे होते, पेटी हातात, टोपी डोक्यावर. सरळ आत आले, टेबलावरचा पेला उचलला आणि उभ्या उभ्या, नाक न धरता, रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं. रम बिनपाण्याची होती, त्यानंही आलं असेल. पेला विसळायला गेले नाहीत, तसाच माझ्या हातात दिला.

"दारू प्यालो, हे लोकांना समजतं," एवढं म्हणाले आणि गेले.

फारसा वेळ झाला नाही. ऊन अजून समोरच्या क्वार्टरच्या भिंतीवर होतं. कामावर गेलेला ड्रायव्हर दुसऱ्या सकाळच्या आत पेटी घेऊन परत येत नाही, त्यामुळे ते आमच्या आळीतून चालत आले तेव्हा खिडक्याखिडक्यांतून बायका बघत होत्या. झोपेवहिनी निवडायचं सूप हातात घेऊन बाहेरच आल्या होत्या. हे मान खाली न घालता आले. पेटी खाली ठेवून कॉटवर बसले. बूट काढले नाहीत.

"काय झालं?"

"शिट्टी झाली. लॉबीवरच्या सपकाळेसाहेबांना खरं वाटेना. मशीन बिघडलं म्हणून दुसऱ्या मशीनवर फुंकायला लावलं. म्हणाले, भंगाळे, तुम्ही? मी म्हटलं, हो, मीच."

"झोपेचं सांगितलंत?"

"विचारलं नाही कुणी."

पुढे चौकशी झाली. इंजिनवरून उतरवलं ते कायमचं, शेडमध्ये दिवसाच्या कामाला लावलं. पगार आटला. कॉलनीत अजूनही कुणी जुनं भेटलं की हळूच म्हणतं, भंगाळे माणूस सोन्यासारखा, पण दारूनं घात केला. मी मान डोलावते. इंगळे पुढे मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर झाला. दिवाळीला येतो आणि यांच्या पाया पडतो, कशासाठी ते दोघंही बोलत नाहीत. यांनी बाटली सोडली. झोप मात्र लगेच काही आली नाही. कित्येक महिने आम्ही दोघं अंधारात छताकडे बघत पडलेलो असायचो, आणि मग कधीतरी ती थोडी थोडी यायला लागली, अनोळखी घरात मांजर येतं तशी, जरा खुट्ट झालं की पळणारी.

पण त्या संध्याकाळी यातलं काही माहीत नव्हतं. ते कॉटवर बसले होते, मी खाली जमिनीवर. घरात उग्र वास भरला होता. बाहेर मुलं खेळत होती आणि त्यांना गप्प करायचं कारण उरलं नव्हतं.

स्टेशनकडून भोंगा ऐकू आला. लांब, मग एक आखूड. यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"वेळेवर सुटली," ते म्हणाले.

"कोण घेऊन गेलं?"

"वारके. सकाळीच नागपूरहून आला होता. बदलीला, स्पेअरमध्ये, तोच होता, त्याला घरून बोलावून आणला."

चाकांचा आवाज हळूहळू वाढत आमच्या मागच्या भिंतीपाशी आला. फडताळातल्या कपबशा किणकिणल्या. डबे मोजायचं मनात नव्हतं, पण त्या गाडीला शेवटच नाही असं वाटत होतं.

"अहो," मी विचारलं, "वारक्यांची झोप झाली असेल का?"

त्यांनी वाकून बुटाची नाडी सोडली.

"शून्य आलं त्याचं," ते म्हणाले.